म्हातारीचा राहिलेला पेपर

९ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी नुसता हूं हूं करतो ही तुझी तक्रार खरी आहे. पलीकडे कुणी ऐकत असलं की मला सुचत नाही, म्हणून लिहितो.

दुकान चालू आहे. शाळांचे गणवेश शिवायला आलेत, दिवस त्यात जातो. संध्याकाळी घरी आलो की अजून दार हळूच उघडतो. आत कुणी झोपलेलं नाही हे ठाऊक असतं, तरी हात तसाच वळतो.

तुझ्या भाचीचे, आमच्या म्हातारीचे, पेपर आता सुरू होतील. तुझ्याकडे राहून कॉलेज करते, तर निदान परीक्षेपुरतं तिला घरकामापासून लांब ठेव. तिनं तुझ्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या आणि मेव्हण्यांनी तिची चेष्टा केली, असं तू लिहिलंस. बेबी, आमच्याकडे टेबल असंच असतं. फिट आली की तुझी वहिनी कुठे पडेल याचा नेम नसायचा. कॉलरमध्ये घालतो ते जाड कापड मी दर वर्षी कोपऱ्यांना नवं शिवायचो. पोरगी चालायला लागली तेव्हापासून खोलीत शिरताना आधी कोपरे बघते. तिच्या आईनं तिला म्हातारी म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही.

आई गेल्यावर पंधरवड्यात ती कॉलेजात परत गेली. सगळे म्हणाले, केवढी धीराची पोर. मलाही तसंच वाटलं.

माझा लोभ तुला माहीत आहे, तुझाही माझ्यावर राहू दे.

तुझा,
दादा


१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज कुशल विचारत नाही, सरळ सांगते. काल कॉलेजातून बोलावणं आलं. मी कपडे पिळत होते, तशीच ओल्या हातांनी गेले.

पेपर चालू असताना पुढच्या बाकावरची एक मुलगी फिट येऊन खाली कोसळली. कुणाला काही सुचेना. आपली म्हातारी बाकावरून उडी मारून गेली. तिला कुशीवर वळवलं, गळ्याजवळचं बटण सोडलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी दिली. इथपर्यंत सगळ्यांनी तोंड भरून कौतुकच केलं, अगदी हॉलवर असलेल्या बाईंनीसुद्धा.

मग त्या मुलीनं डोळे उघडले. तर आपल्या पोरीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मी कोण, सांग मी कोण, असं विचारायला लागली. दादा, ती मुलगी दुसऱ्या वर्गातली. दोघींनी एकमेकींना जन्मात पाहिलेलं नाही. ती बिचारी सांगणार काय? ती गप्प, तशी ही आणखी मोठ्यानं विचारणार. पूर्ण हॉल उभा राहून बघत होता. डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं, तरी ही सोडेना. हिनं अजून सांगितलं नाही, कुणी उचलायचं नाही, असं म्हणत राहिली. शिपायानं खांदा धरून मागे ओढलं, तर त्याच्या मनगटाला चावली. रक्त आलं. जी पोर झुरळालासुद्धा वाट करून देते ती चावली! दोघांनी मिळून तिला बाजूला केलं. पेपर तसाच कोरा राहिला.

ती मुलगी आता बरी आहे. पण प्राचार्य म्हणतात, तुमची मुलगी थाऱ्यावर नाही, हिला वर्षभर घरी न्या. नाहीतर वडिलांनी महिनाअखेरपर्यंत समक्ष येऊन हमी द्यावी.

घरी आल्यावर तिनं काही घडलंच नाही अशी भांडी घासली. मी विचारलं तर म्हणाली, त्या काकांच्या हाताला मलम लावलं का ते बघायला हवं. एवढंच. मला तिची भीती वाटली, दादा. आपल्याच पोरीची. वाईट वाटून घेऊ नकोस, पण विचारते. वहिनीचा आजार हिच्यात तर उतरला नसेल?

लवकर लिही. लहान बहिणीला विसरू नये.

तुझी,
बेबी


१९ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. हातातली बाही उलटी जोडली गेली, ती उसवायला बसलो, तर तीही उसवता येईना. शेवटी दुकान बंद केलं.

आजार नाही. काय आहे ते सांगतो. फिट थांबल्यावर वहिनी डोळे उघडायची, पण लगेच भानावर यायची नाही. घाईनं उठवलं तर पुन्हा पडायची. म्हणून डॉक्टर म्हणाले होते, माणूस ओळखते का ते आधी बघा. तर आम्ही विचारायचो, मी कोण? मला ती कधी शिंपी म्हणायची, कधी वेळेवर एकही कपडा न देणारा शिंपी. पोरीला म्हणायची, माझी म्हातारी. तो शब्द आला की झालं. मग तिला उठवायचं, चहा टाकायचा. शब्द येईपर्यंत जागचं हलायचं नाही आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही, असा आमच्या घरचा कायदा. बाकीच्या पोरी दोरीवरच्या उड्या शिकतात त्या वयात ही हे शिकली.

आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. वहिनी गेली तेव्हा तू आलीस, तुलाही नाही. म्हातारी सुट्टीत घरी होती. दिवेलागणीला मी दुकानातून आलो तर घरात अंधार. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर, कुशीवर वळवलेली, डोक्याखाली उशी. सगळं जसं हवं तसं. आणि पोरगी तिचं तोंड हातांत धरून विचारत होती, मी कोण? घसा बसला होता, नुसती हवा येत होती. किती वेळा विचारून झालं होतं कोण जाणे. मला तिचं एकेक बोट सोडवावं लागलं.

त्यानंतर आम्ही दोघं यावर एक अक्षर बोललो नाही. तिच्या मनात काय आहे ते तू विचार. तुला जमतं.

असाच जीव लावत जा.

तुझा,
दादा


२२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. केवढं हे पोटात घेऊन फिरता रे तुम्ही दोघं!

मला विचारावं लागलं नाही. ह्यांच्या शर्टाला बटण लावता लावता तीच बोलली, आणि हातातली सुई थांबली नाही. म्हणाली, आत्या, मी विचारत बसले. तेवढ्यात धावत जाऊन डॉक्टरांना आणलं असतं तर आई वाचली असती. आईनं ओळखलंच नाही मला. हॉलमध्ये वाटलं, या वेळी तरी उत्तर घेतल्याशिवाय सोडायचं नाही. जणू भाजी कशी निवडली ते सांगावं अशा आवाजात सांगितलं.

आता ऐक. तिनं पेटी भरली आहे. शिकायचं नाही म्हणते. बाबा एकटे आहेत, त्यांचा स्वयंपाक करीन आणि दुकानात काजं-बटणं करीन. मी म्हटलं, बापाला उपाशी मारायचा बेत दिसतो, तुझ्या हातचं जेवून माझा भाऊ आधीच काडी झालाय. हसली नाही. रडतही नाही. रडली असती तर बरं, दादा.

वहिनीला ही पोर शिकलेली बघायची होती. एकदा घरी आली की ती पुन्हा बाहेर पडायची नाही. तूच लिही तिला. आणि या वेळी हूं हूं नको.

रागावले तरी माझी माया आहे हे लक्षात असू दे.

तुझी,
बेबी


२४ मार्च

चि. म्हातारीस,
अनेक आशीर्वाद.

आत्यानं सगळं कळवलं. तुझ्या मनात हे असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला एक गोष्ट माहीत आहे, ती तुला सांगतो.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं. आई दुपारीच गेली होती. तू मैत्रिणीकडून निघालीस ते ऊन उतरल्यावर, हे मला तिच्या घरच्यांकडून कळलं. तू घरात पाऊल टाकलंस तेव्हा ती नव्हतीच. तू धावली असतीस तरी कुणाला आणून काही झालं नसतं. आणि तिनं तुला ओळखलं नाही असंही झालं नाही. ओळखायला ती तिथं नव्हती.

हे मी बोललो नाही. वाटलं, गेलेल्या माणसाशी आपण बोलत बसलो हे कळलं तर पोरीला धसका बसेल. शेवटच्या वेळी आपण आईजवळ होतो, एवढं समाधान तरी तिला राहू दे. तुला याचं समाधान नाही, ओझं झालंय, हे मला कळलं नाही.

तुला घरी नेणार नाही. तुझी काजं तिरकी असतात, गिऱ्हाइकं जातील. तीस तारखेला मी येतो. प्राचार्यांना सांगणार आहे की कुणी पडलं तर ही उठणार नाही अशी हमी मला देता येत नाही. मदतीला आलेल्या माणसांना ती हात लावू देईल, एवढी देतो. चालेल ना, ते तू मला सांग.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

तुझे,
बाबा


२७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्यानं तुमचं पत्र हातात दिलं आणि बाजारात निघून गेली. मुद्दाम गेली, पिशवी घ्यायलाही विसरली. मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेजारच्या काकू दार वाजवायला लागल्या, तेव्हा कळलं की तो आवाज माझा होता.

तुम्हाला माहीत होतं, बाबा. हिवाळाभर मी रोज झोपताना त्या जिन्यावरून धावत जात होते. रोज वेळेवर पोचत होते आणि सकाळी उठून बघते तर पोचलेच नव्हते. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर ते थांबलं असतं. आईला त्रास होतो म्हणून आपल्या घरात कधी कुणी आवाज चढवला नाही. त्यामुळे माणसावर रागवायचं कसं, ते मला येतच नव्हतं. आता येतं. मी तुमच्यावर रागावले आहे.

काल कॉलेजात जाऊन शिपाईकाकांची माफी मागितली. त्यांनी मनगट दाखवलं आणि म्हणाले, त्यांचा नातू यापेक्षा जोरात चावतो. पडली होती ती मुलगीही भेटली. लाजत म्हणाली, त्या दिवशी काही सांगता आलं नाही. मी तिला माझं नाव सांगितलं. राहिलेला पेपर पुढच्या महिन्यात पुन्हा होणार आहे, तिचाही आणि माझाही. मी देणार आहे.

हमीचं तुम्ही लिहिलंत ते चालेल. पण ती मी देईन, तुम्ही नाही. तुम्ही शेजारी बसा. पेटी रिकामी केली आहे. तीस तारखेला आलात की मी नीट बोलेनच असं नाही, आणि तुम्ही माझी समजूत काढू नका. मला थोडे दिवस लागतील.

पत्राच्या शेवटी लोभाचं काहीतरी लिहायचं असतं. ते आज मी लिहीत नाही.

रागावलेली, पण इथेच राहणारी,
तुमची मुलगी