आईच्या नावाचा निळा कागद

सांता रिता,
१४ ऑगस्ट २०१९

प्रिय आई,

आशीर्वाद दे. इथे सगळं ठीक आहे. इथली ऑगस्टची थंडी ओसरत आलीय, कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्यात, मागच्या खोलीची गळकी कौलं मी बदलली. ताईच्या बाळाला दात आले का?

रविवारी फोन करतोच, पण फोनवर ताई शेजारी असते. म्हणून हे पत्र.

आपल्या गल्लीच्या आरोग्यसेविका नेइदेबाई तीनदा येऊन गेल्या, तुला भेटायला. पहिल्यांदा मी सांगितलं, आई अंघोळीला गेलीय. दुसऱ्यांदा, चर्चमध्ये. तिसऱ्यांदा त्या अंगणात स्टूल ओढून बसल्याच.

"काय रे जोझिमार, तुझी आई एकतर अंघोळ करते, नाहीतर प्रार्थना. इतकी स्वच्छ बाई माझ्या वस्तीत दुसरी नाही!"

मला हसता आलं नाही.

दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्यात. त्यांनी काउंटरवरचा तो बुटांचा खोका काढून टाकला. आधी सोमवारी रिकामी बाटली आणि कार्ड रबराने बांधून त्यात टाकायचं, बुधवारी औषधाचा सही केलेला निळा कागद न्यायचा. पेशंटचं तोंड कुणी बघायचं नाही. आता वर्षाहून जास्त काळ झोपेचे थेंब घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतः यायचं. यादीत तुझं नाव दुसरं आहे. दिविना, वय ६१, तेरा वर्षं चालू, प्रकृती स्थिर.

तू व्हितोरियाला ताईकडे जाऊन दोन वर्षं झाली. तिथे तू थेंब सोडलेस. सात महिने लागले, असं फोनवर रडत सांगितलंस आणि मी शाब्बास म्हणालो. इथे मात्र तुझी प्रकृती स्थिरच राहिली.

या पत्राआधी एक लिहिलं होतं. एका दिवसासाठी बसने ये, डॉक्टरीणबाईंसमोर बस आणि अजून घेते म्हण, असं त्यात होतं. ते फाडलं.

खोक्यात बाटली मी टाकत होतो, आई. थेंब मी घेतो. आधी झोपताना दहा घ्यायचो. आता तीस, आणि सकाळीही.

सुतारखान्यात आर्जेमिरोकाकांनी मला करवतीवरून काढून घासकामाला बसवलंय. "लाकूडसुद्धा तुझ्यापेक्षा जागं असतं," म्हणतात. सगळे हसतात, मीही हसतो. पण त्याआधी काय झालं ते सांगायला हवं. पातं फिरत होतं, माझा हात त्याच्याकडे चालला होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा मी बघत होतो. काकांनी कॉलर धरून मागे ओढलं. बोटं शाबूत आहेत.

अजून एक लिहायचंय. दोनदा लिहून खोडलं.

सहावीच्या परीक्षेच्या सकाळी मला उलट्या होत होत्या. तू चमचाभर साखरेवर तीन थेंब टाकलेस. "घे बाळा, डॉक्टरांनीच दिलंय, काही होत नाही." मला बरं वाटलं. इतकं बरं की पेपरवर डोकं ठेवून झोपलो. तू गेल्यावर कपाटात तुझी बाटली दिसली, तेव्हा मला ती साखरच आठवली. दोष देत नाही. बाबा गेले तेव्हा तुलाही ते पंधरा दिवसांसाठीच दिले होते, आणि पुढे कुणी विचारलं नाही.

काल नेइदेबाईंना खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आता शहाणपणा करून एकदम बंद करशील तर याद राख, फिट येऊन पडशील. गुरुवारी सातला दवाखान्यात ये. मी दारात उभी असेन." आणि पेन काढून विचारलं, "भेट कुणाच्या नावाने लिहू?"

मी माझं नाव सांगितलं. जोझिमारमध्ये 'झेड' लिहायचा, हेही सांगितलं.

गुरुवार म्हणजे उद्या. भीती वाटते. त्या पहिल्या महिन्यांत तुझे हात थरथरायचे, तेव्हा तू काय करायचीस ते मला लिही. सोपं करून लिहू नकोस. माफी मागू नकोस, आणि ताईला मीच सांगेन.

दोन वर्षं तुझ्या नावाआड लपलेला, उद्या स्वतःच्या नावाने रांगेत उभा राहणारा
तुझा मुलगा,
जोझिमार