दुसरं गिऱ्हाईक

प्रिय कादर,

चिडून लिहितोय, आधीच सांगतो. तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी तू माझा पिच्छा सोडत नाहीस. आज भर सभेत तू मला पुन्हा हरवलंस. मेलेल्या माणसानं इतकं जिंकावं का रे?

सकाळी नगरपरिषदेत सगळ्या गाळेवाल्यांना बोलावलं होतं. आपला जुना बाजार पाडणार आहेत. जागा त्यांचीच, आपण भाडेकरू. टिनाच्या छपरांची आपली ओळ जाऊन तिथं दोन मजली संकुल होणार. लिफ्ट, संडास, समोर गाड्या लावायला जागा! इंजिनियर साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्र दाखवलं. चित्रातली माणसं सगळी गोरीगोमटी, एकाच्याही हातात पिशवी नाही. असलं गिऱ्हाईक आपल्याकडे कधी आलं होतं का?

आता खरी गोम ऐक. जिना आणि लिफ्ट जिथं येते, तिथं खालचा एक गाळा कमी होतो. ओळीत शेवटी भांड्यांची दुकानं दोन, तुझं आणि माझं. त्यातलं एक खाली रस्त्यावर राहील, दुसरं वरच्या मजल्यावर जाईल. "तुम्ही दोघांनी आपसात ठरवा, नाहीतर ईश्वरचिठ्ठी काढू," साहेब म्हणाले. भाताचा गंज आणि पाण्याचा गडवा घ्यायला जिना कोण चढतं, तूच सांग!

हक्क माझा होता. गाळा आधी मला मिळाला, तू मागाहून आलास. तरी रस्त्याच्या तोंडाशी असलेला कोपरा तुझ्याच नशिबी! मी अगरबत्ती लावून, भांडी लखलखीत पुसून बसायचो, आणि नेरीच्या एसटीतून उतरलेली पहिली बाई सरळ तुझ्या दुकानात शिरायची. जळायचो मी. आजही जळतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि मग तुझं ते नाटक. तुझी बोहणी झाली की दुसऱ्या गिऱ्हाइकाला तू हात जोडायचास. "ह्या मापाचा गंज मायाजवळ नाई बाई, बाजूले देवाभाऊकडे पाहा." तुझ्या पाठीमागं त्याच मापाच्या गंजांची उतरंड लागलेली मला दिसायची! एकदा विचारलंच मी, "काऊन खोटं बोलतो बे?" तू हसून म्हणालास, "तुयी बोहणी झाली नोती ना अजून."

बाजाराची रीतच ती, शेजाऱ्याची बोहणी झाल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक ठेवायचं नाही. पण रोज तूच पाळणार आणि रोज मीच घेणार? मलाही एकदा तरी पाठवायचं होतं रे! एका पावसाळी दिवशी बारा वाजता कुठं बोहणी झाली, तीही माझी तुझ्या आधी. दुसरी बाई आत आली आणि मी मोठ्या थाटात म्हणालो, "मायाजवळ नाई, बाजूले जा." बाहेर येऊन पाहतो तर तुझं शटर खाली. शुक्रवार होता, तू नमाजाला लवकर निघून गेला होतास! बाई गेली ती गेलीच. माझं गिऱ्हाईक गेलं आणि पुण्यही गेलं. तू दुपारभर हसत होतास.

तुझ्या जनाज्यालाही तेच. अख्खा बाजार बंद, गावच्या घोडायात्रेत असावी तशी गर्दी. मी शेजारी, रोजचा चहा एका कपातून अर्धा अर्धा पिणारा, आणि मला खांदा द्यायला जागा मिळेना. परक्या गावची माणसं तुला उचलून चालली होती आणि मी मागून पळत होतो. त्या दिवशी मी रडलो ते दुःखानं की रागानं, मला अजून कळलेलं नाही.

असो. सभेचं सांगत होतो. मी उठलो, घसा खाकरला. हक्काचं सगळं नीट पाठ करून गेलो होतो. तेवढ्यात तुझी पोरगी शबाना उभी राहिली. आता दुकानात तीच बसते, तुझ्याच स्टुलावर, तुझ्यासारखाच एक पाय वर घेऊन. ती म्हणाली, "साहेब, खालचा गाळा काकाले द्या. त्यायचे गुडघे दुखतेत. मी वर जाते. अब्बा असते तर त्यायनंही हेच केलं असतं."

झालं! सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. "बापावर गेली पोरगी!" मग एकेकजण तुझे किस्से सांगायला उठला. चप्पलवाला उठला, पानवाला उठला, खुद्द साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. गाळा मला मिळाला होता, आणि नाव तुझं चाललं होतं! म्हणजे हेही तुझ्या घरून आलेलं दुसरं गिऱ्हाईकच की. भिकाऱ्याच्या वाडग्यात घालावं तसं.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलोच, "नाई! पोरगी खाली बसन. मी वर जाईन!"

खोटं कशाला सांगू, एवढ्या टाळ्या आपल्यालाही मिळाव्यात म्हणून बोललो. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी छाती फुगली. आणि मागून पानवाला काय म्हणाला माहीत आहे? "कादरभाऊच्या संगतीनं देवानंदही सुधरला बाप्पा!"

टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. सगळ्या तुलाच!

घरी येऊन तुझ्या सुमनवहिनीला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मेलेल्या माणसावर काऊन जळून राह्यले तुम्ही? आन् गुडघ्याचं काय?" गुडघ्याचं पाहू, लिफ्ट आहे. पण तुझं काय करू? मला वाटायचं तुझ्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटतो. आज शबाना बोलत असताना तिचं तोंड पाहिलं. रोज सकाळी मला गिऱ्हाईक पाठवताना तुझं असायचं तसंच खुललं होतं. तेव्हा समजलं, मी कशावर जळत होतो. देण्यातलं सगळं सुख तू एकट्यानं खाल्लंस, कादर! चहा तेवढा अर्धा दिलास.

म्हणून आता वचन देतो, नीट ऐकून ठेव. संकुल उभं राहील, उद्घाटन होईल, फिती कापल्या जातील. त्या दिवशी जिना चढून जी बाई माझ्या दुकानात पहिली येईल, तिला मी हात जोडीन. माझ्या पाठीमागं गंजांची उतरंड असेल, तरी म्हणेन, "मायाजवळ नाई बाई, खाली कादरभाऊच्या पोरीकडे पाहा."

तू दुसरं गिऱ्हाईक पाठवायचास. मी पहिलं पाठवीन, स्वतःची बोहणी न करता. मग पाहू बाजारात कोणाचं नाव घेतात.

तुझंच घेतील, मला माहीत आहे. तरी पाठवीन.

तुझ्यावर अजून जळणारा,
तुझा शेजारी,
देवानंद