जावयासाठी टेनिस कोर्ट

पळसदरी, १४ जानेवारी १८९४. सकाळी.
टेनिस कोर्ट बांधायचं नक्की. दिवाळीला जावई मालोजीराव म्हणाले, तुमच्या गावात करमत नाही, साधं टेनिससुद्धा नाही. माझ्या लेकीला, सुंदराला, माझ्याकडे ठेवून मुंबईला गेले. आठवड्यात तिला न्यायला येणार होते, अजून आले नाहीत. अडचण काय होती ती आता ध्यानात आली. पाडव्यापर्यंत कोर्ट तयार. बोरघाटात रेल्वेचे रूळ टाकलेला मुकादम मी. हे किरकोळ काम.

२० जानेवारी.
जागा ठरली, घरामागचं भाताचं खाचर. शेजारचा भिवाजी म्हणाला, "मुकादम, काळी माती हाय ही. उन्हात फाटंल. हातभर खणून काढा, मग मुरूम भरा." त्याला टेनिसमधलं काय कळतं? वरून वीतभर मुरूम पुरे. सुंदरा खाचराकडे न बघताच आत गेली. आनंदानेच असणार.

१८ फेब्रुवारी.
मुरूम पसरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. एकदम लेव्हल. जावयांना चौथं पत्र टाकलं. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. पोस्टाचा कारभार फार ढिला झालाय.

११ मार्च.
एक भेग. बरोबर मधोमध. वर नेट येईल, दिसायची नाही.

१९ मार्च.
भेगा सतरा. ऊन यंदा जरा जास्त. सुंदराने शेण-भुसा कालवून दिवसभर लिंपलं. हौस फार पोरीला.

पाडवा.
कर्जत स्टेशनावर मुंबईच्या सगळ्या गाड्या पाहिल्या. मालोजीराव नाहीत. रजा मिळाली नसेल.

२२ एप्रिल.
भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. भिवाजी बघून गेला, बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२ मे. दुपारी.
पाचवं पत्र लिहायला बसलो. सुंदराने दौत उचलली. "आप्पा, पुरे. त्यांनी माघातच दुसरं लगीन केलं. तुमी मुरूम आणाय गेलावता, तवा सासूचा निरोप आला."
मग उन्हात लिंपत का बसलीस, विचारलं.
"तुमी रोज येवढ्या उमेदीनं उठायचात. कसं सांगू?"

३ मे.
सवयीने पहाटे उठलो. कुठे जावं सुचेना. चुलीपाशी जाऊन बसलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं, पोरी, तू कशी हायस? ती तव्यावर टाकायचं विसरून एकच भाकरी थापत राहिली.