बंद थिएटरातलं मशीन

प्रिय दादा,

लेकीकडे राहायला जाईपर्यंत तू बारा वर्षं दर रविवारी बंद थिएटरात जाऊन प्रोजेक्टरला तेल घातलंस, आणि मी तुला वेडा म्हणत राहिले. गल्लीत हसं होतं म्हणून "त्याच्याकडची किल्ली काढून घ्या" असं पत्र थिएटरच्या मालकांना लिहिणारी मीच. त्यांनी ऐकलं नाही, हे आपलं नशीब.

आज थिएटरचं काय करायचं ते ठरवायला नगरपालिकेच्या कमिटीचे चार शहाणे आले होते. "मशीन भंगारात काढा, इमारत पाडा," असं खालूनच सांगून मोकळे! जिना चढायचेही कष्ट नकोत. तू माझ्याकडे ठेवून गेलेली किल्ली घेतली आणि त्यांना फैलावर घेऊन मशीनपाशी वर नेलं. त्यांच्यातल्या इंजिनिअरने हाताने प्रोजेक्टरचं चाक फिरवलं, तर ते अलगद फिरलं.

"बाई, हे कुणी सांभाळलं?"

"माझ्या भावाने," मी म्हणाले, जणू मीच तुला दर रविवारी पाठवत होते.

पाडायचा कागद त्यांनी परत नेला. आता दुरुस्तीचा आराखडा मागवलाय.

कॉन्व्हेंटमध्ये थँक्यू आणि सॉरी दोन्ही शिकवलं होतं. तुझ्यापुढे दोन्ही जमत नाहीत, म्हणून हे पत्रही टपालपेटीत पडणार नाही. उद्या फोनवर इतकंच म्हणेन, "गुडघ्यांची सबब सांगू नकोस, ये. पहिला खेळ तूच लावायचास." मी शेजारी उभी राहीन, आणि चक्क गप्प राहीन.

तुझी,
तोंडाळ बहीण