गच्चीतली मोकळी हवा

अहो,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. मी माहेरी जातेय. फोन करू नका.

आज सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाला भोक दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कशानं ते छातीठोक सांगता येणार नाही, पण आधी कारखान्याच्या धुरापासून लांब जा. बाहेर बाकावर शेजारच्या वहिनी रडत होत्या. त्यांच्याही बाळाचं तेच निघालं.

तुम्ही कारखान्यातल्या बॉयलरच्या जिन्यावरून हात हलवायचात, म्हणून मी रोज गच्चीत थांबायचे. धूर अंगावर आला तरी हलायचे नाही. तुमच्या आई म्हणायच्या, पोटुशीला मोकळी हवा हवीच!

उद्या सवयीनं गच्चीकडे बघू नका.

दोरीवर बाळाची दुपटी राहिलीत. सकाळी पांढरीशुभ्र होती. परत धुवा, आणि घरातच वाळत घाला.