चिमूटभर पीठ

सोम., ८ जुलै. नांदेड
आजपासून मेडिकलवर माझी सकाळची ड्यूटी. म्हणून आरूचा डबा भरायला जाऊबाई आल्यात बिलोलीकडच्या गावाहून. सिंधूअक्का. शंभरदा बजावलं, गहू नाही. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, बिस्कीट नाही. गहू पोटात गेला की आरूची आतडी सोलवटतात, डॉ.नी स्पष्ट सांगितलंय. अक्कांना पटेना. "शाळंत भाकर? लेकराला पोळी नको व्हय? लोक काय म्हणतील?"
म्हणलं, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. तिसरीतली पोर, हिवाळ्यात नुसती काडी होती. आता कुठं गाल भरलेत.

बुध., १०
शेपू, भाकरी, राजगिऱ्याचा लाडू. डबा चाटूनपुसून. मैत्रीण म्हणे, भाकरी दे, पोळी घे. आरू नाही म्हणाली. शहाणी माझी बाय.
अक्कांचे मात्र भाकरी थापताना ओठ हलतात. बाळू आठवत असेल. त्यांचा एकुलता. सहा वर्षांचा होऊन गेला, माझ्या लग्नाच्या लई आधी. घरात नाव निघत नाही. गावात म्हणायचे, नजर लागली.

शुक्र., १२
सत्यानाश! अक्कांनी ज्वारी दळून आणली. गिरणीवाल्यानं आधी गहू दळलेला, दगडाला राहिलेलं पीठ आपल्या ज्वारीत आलं. गिरणीचं सांगायचंच राहिलं. मेली मी. दुपारी शाळेतून फोन. उलट्या, जुलाब, पोट नगाऱ्यासारखं.
अक्का उशाशी बसून. "चिमूटभर पिठानं?"
हो म्हणलं, चिमूटभर.
पोरीच्या पोटावर हात ठेवला त्यांनी. "अस्संच," म्हणाल्या. एवढंच. मग उठून मोरीत गेल्या, लई वेळ हात धूत राहिल्या.
अस्संच म्हणजे कुणाचं? बाळूचं?

रवि., १४
ह्यांना बाळूचं विचारलं. आधी चिडले, "कशाला उकरतीस?" मग हळूहळू बोलले. घरात सगळ्यांना भाकरी, बाळूला एकट्याला पोळी न् तूप. अशक्त पोर म्हणून. वहिनी त्याच्यासाठी वेगळा गहू निवडायची, शिरा करायची. "मी शाळेत होतो. त्या पोळीवर डोळा असायचा माझा." बाळू जितका खंगला तितकी पोळी वाढली.
देवा.
डॉ.नी हिवाळ्यात विचारलं होतं, घराण्यात कुणाला होतं का? नाही म्हणालो. तेव्हा सुचलंच नाही.
हे म्हणतात, "वहिनीला कळलं तर ती जगायची नाही." बरोबर आहे. गप्प बसायचं.

गुरु., १८
आरू बरी. आज शाळेत गेली. आली तर दप्तरात दोन डबे. "दुसरा दादाचा, मोठीआई म्हणली. कुणी उपाशी असंल तर त्याला दे म्हणली."
उघडला. रिकामा. कुणीतरी खाल्लेला.
दादा म्हणजे बाळू. भांडी घासता घासता रडून घेतलं.

शनि., २०
सकाळी स्वयंपाकघरात अक्का बोलून राहिल्या होत्या. "खा राजा. ह्याच्यात काय बी न्हाई." आरू तर अजून झोपलेली. मी दारात तशीच उभी.
मागं न बघता म्हणाल्या, "सुनंदा, बाळूला हेच होतं न्हवं?"
"काय माहीत अक्का. तेव्हा कुणी तपासलंच नाही." खोटं नव्हतं ते. पण मान खाली गेली माझी, अन् तेवढ्यात वळून त्यांनी ती बघितली.
"जाताना पाणी मागत होता. म्या शिरा चारला."
भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच उचलली नाही.

सोम., २२
आज आरूची तपासणी. अक्का म्हणतात, "म्या बी येते. डाक्टरला म्याच इचारते." धुतलेलं पातळ नेसून पायरीवर बसल्यात कधीच्या. हे डाळीची गाडी घेऊन लातूरला, फोन उचलेनात.
डॉ.ना आधीच फोन करू का? काय सांगू, साहेब खोटं बोला? ते बोलतीलही. मग जन्मभर कुणाच्या तरी नजरेला शिव्या देत बसायचं अक्कांनी. आणि खरं बोलले तर त्यांना परत घरी कशी आणू मी? इतकी भीती आरूच्या वेळी पण नव्हती वाटली.
नंबर काढून ठेवलाय. लावला नाही.
ऑटो आला. अक्कांनी आरूचा हात धरलाय. हाका मारून राहिल्या, "चल गं, आपला नंबर जाईल."