नांग्यांसाठी राखलेली रोपं

गुरुवार, ४ डिसेंबर २०२५, सकाळचे सव्वासात.
बागेच्या रोपवाटिकेत, पिशव्यांत माती भरायचं थांबवून.

प्रिय तृप्ती,

तू बरी असशील असं लिहिणार होतो, पण ते मला माहीत नाही म्हणून लिहीत नाही. फोन केला की तुझे प्रितमभाऊ उचलतात, "ते झोपली आहे, जावई" म्हणतात, आणि मागून भांडी घासल्याचा आवाज येत असतो. तो आवाज तुझाच, हे मला कळतं, कारण तू तवा दोनदा घासतेस. म्हणून ही चिठ्ठी. तुझी मैत्रीण रीता शनिवारी तुमच्या दिघोरीला येणार आहे, तिच्याच हाती देईन. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत होती तेव्हा तू भावाच्या गाडीवर बसून गेलीस. चार दिवसांसाठी म्हणून गेली होतीस. आता धान कापून, चुरून घरात आलं असेल. तू कधी येणार, येणार की नाही, हे मला कुणीच सांगत नाही आणि तुला विचारायला मी भितो.

इथं हंगामी फुलांचे वाफे लागले आहेत. वैनगंगेवरून धुकं येतं आणि नऊपर्यंत कुंपणाची जाळी दिसत नाही. मी वरठीहून सायकलनं येतो, तेव्हा पापण्या ओल्या होतात. शेवंती भरात आहे, पण मोठ्या वाफ्यात पाणी मुरत नाही, त्यामुळं झाडांची पानं खालून काळी पडत वर चालली आहेत. फुलं मात्र पिवळी धमक. लोक येतात, फोटो काढतात, त्यांना खालचं दिसत नाही. भय्याजी म्हणतात, "उपट बे, हे शेजारच्यालेही घेऊन जाईल." मी रोज नुसती काळी पानं खुडतो. भय्याजी म्हणजे आमचे मोठे माळी, आपल्या लग्नात पंगतीत बसून तुला "सूनबाई, जिलेबी इकडंही येऊ द्या" म्हणणारे. अजून तसेच आहेत. परवा एक जोडपं वाफ्यात शिरून फोटो काढत होतं, तर त्यांना म्हणाले, "फोटो काढा जी, पण आत कायले घुसता? तुमच्या लग्नात मी घुसलो होतो का?" पोरगी हसली, मीही हसलो. घरी आल्यावर हे तुला सांगितलं असतं. आई लवकर जेवून झोपते. मी ताट घेऊन एकटाच बसतो.

आषाढात आम्ही कुंपणालगत नवी रांग लावली. अर्जुन, बेहडा, मोह. त्याच आठवड्यात आपला मुलगा झाला. दोन महिने आधीच झाला, एक रात्र राहिला. तुला माहीत असलेली गोष्ट तुलाच का लिहितो, असं वाटेल. पण आपल्या घरात ही दोन वाक्यं कुणीच कधी उच्चारली नाहीत, मीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तुला दूध आलं. अंगात ताप, पोलकं पुन्हापुन्हा ओलं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बागेतून मोगरा आण रे. छातीले बांधला म्हणजे दूध आटते." बागेत फूल तोडायला मनाई आहे, ती पाटी मीच रंगवलेली. पावसानं मोगरा संपत आला होता. झुडपं चाळून ओंजळभर फुलं काढली. भय्याजींनी पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं, मी तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतली होती. ते म्हणाले, "काय बे अनुप, बायकोले गजरा? घेऊन जाय, मी काही पाहिलंच नाही." मी हसलो. कसा हसलो ते अजून कळत नाही.

घरी आलो तेव्हा तू बाजेवर बसली होतीस. पळसाच्या पानातली फुलं पाहिलीस आणि तुझा हात केसांकडे गेला. मग आईनं ती कशासाठी आणली आहेत ते सांगितलं. तुझा हात तिथंच राहिला.

तेव्हा काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं. मला माझ्या कामाचंच बोलता येतं. रोपं लावली की महिन्याभरात काही मरतात. त्या मोकळ्या पडलेल्या जागांना आम्ही नांग्या म्हणतो आणि त्या भरायला रोपवाटिकेत काही रोपं आधीपासूनच जादा राखलेली असतात. आमच्यात तो धीर देण्याचा शब्द आहे. रांग मेली असं वाटलं की कुणीतरी म्हणतंच. मीही म्हणालो, "रडू नको, नांग्या भरून निघतेत." तू माझ्याकडं पाहिलंस. त्या दिवसापासून पोळ्यापर्यंत तू मला वाढलंस, माझे कपडे धुतलेस, पण माझ्याशी बोलली नाहीस.

तू गेल्यावर पुढच्याच आठवड्यात आम्ही त्या रांगेच्या नांग्या भरायला घेतल्या. मेलेलं रोप उपटायचं, त्याच खड्ड्यात दुसरं बसवायचं. एक मोहाचं रोप वरून काडीसारखं वाळलं होतं, पण ओढलं तर येईना. उकरून पाहिलं तर खाली मुळं पसरलेली, पांढरी, दोऱ्यासारखी, मातीला धरून. अशी मुळं मी कितीतरी वेळा झटकून फेकली आहेत. त्या दिवशी हात चालेना. भय्याजी ओरडले, "काहून थांबला बे? इंचू निघाला का?" मग मी त्यांना तिथंच, खड्ड्याशी उकिडवं बसून सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "मोगऱ्याच्या टायमाले सांगायचं होतं ना बे. मी मजाक करून राहिलो." आता ते नांग्या म्हणत नाहीत, "खाली जागा" म्हणतात. नवीन मजुरांना कळत नाही.

आता ही चिठ्ठी का लिहिली ते सांगतो. रविवारी तुमच्याकडे बैठक आहे. माझ्या बाजूनं आई, मामा आणि भय्याजी येतील, तुमच्या बाजूनं प्रितमभाऊ आणि गावातली मोठी माणसं. सगळ्यांसमोर तुला विचारतील, जातेस की नाही. आणि कुणीतरी म्हणेलच की दुसरं होईल. माझ्या माणसांना मी एकेकाला भेटून हात जोडले आहेत. आई चिडली, "मंग काय म्हणू? हे तर सगळेच म्हणतेत." पण म्हणणार नाही असं कबूल केलं आहे. तुमच्या माणसांचं मी सांगू शकत नाही. चारचौघांत तुला नाही म्हणावं लागू नये, एवढंच मला करता येईल असं वाटतं. पाहुणे बसले की घरातून कुणीतरी पाणी आणतं. ते तू आणलंस तर मी एवढंच समजेन की तू माझ्याशी एकदा बोलशील. सोबत चल असं मी त्या दिवशी म्हणणार नाही. आणि तुझ्या आईनं आणलं तर, कुणी तुला काही विचारायच्या आत, मी सांगेन की मलाच हा संसार पुढं न्यायचा नाही. मग बोल लागायचा तो मला लागेल. मामा शिव्या देतील, प्रितमभाऊ कदाचित हातही उचलतील, ते मी पाहून घेईन. भय्याजींना सांगून ठेवलं आहे, ते आईला धरतील. तू आतून बाहेरही येऊ नकोस. पाणी कुणीही आणलं तरी मी ते सगळं पिईन, म्हणजे कुणाला काही कळणार नाही.

रविवारपर्यंत तरी तुझाच,
अनुप